तीन बोटं आखूड

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक बाई बसते. काम तिचं उसवायचं. शिवतेही, पण तिची ओळख उसवण्याची. कुणाचं पोट सुटलं, कुणी आजारातून उठून निम्म्यावर आलं, कुणाचा कोट बापाच्या अंगावरून मुलाच्या अंगावर आला, की माणूस इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून आत येतो आणि म्हणतो, बाई, एवढं बघा. बाई टेपला हात लावत नाही. चार बोटं जोडून ती माणसाच्या कमरेवरून फिरवते आणि सांगते, "दोन बोटं सोडावी लागतील. परवा या." चाळीस वर्षांत तिचा परवा कधी तेरवा झाला नाही.

दुकानात ती बाई. घरात मात्र मोठी, कारण घरात एक धाकटी होती. आई गेली तेव्हा मोठी एकोणीस वर्षांची आणि धाकटी दहाची. पुढे मोठीचं लग्न एकदा अगदी ठरत आलं होतं. चहाचे कप उचलता उचलता मुलाच्या मावशीने विचारलं, "ही धाकटीही येणार का हो बरोबर?" मोठी म्हणाली, "येणार." कप उचलले गेले ते गेलेच. त्याचं आपल्याला काही वाटलं नाही असं ती सांगते, आणि ते बहुतेक खरं आहे. धाकटीला तिने शिकवलं, इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर चिकटवलं, जहाजावर काम करणाऱ्या एका भल्या माणसाशी तिचं लग्न लावून दिलं आणि दोन गल्ल्या सोडून भाड्याची जागाही बघून दिली. जावई वर्षातले नऊ महिने समुद्रावर. "इतका सोयीचा जावई शोधून सापडायचा नाही," असं मोठी कौतुकाने म्हणायची. सोय नेमकी कुणाची, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

धाकटीची सुट्टी गुरुवारी. त्यामुळे गुरुवार मोठीचा. त्या दिवशी दुपारी दोनला लाँड्रीवाला जेवून आडवा व्हायला घरी जायचा, धाकटी यायची, मोठी मशीनवरचे कपडे बाजूला सारायची आणि दोघी डोंगरात जायच्या.

म्हणजे कागदावर. झालं होतं असं, की लाँड्रीत कपडे टाकून माणसं विसरतात. दोन वर्षं कुणी न्यायला आलं नाही तर तो कपडा ठिगळांसाठी मोठीकडे यायचा. असाच एक रेनकोट आला, त्याच्या आतल्या खिशात एक नकाशा निघाला. बर्फाच्या डोंगरांचा. पायथ्याचं गाव, तिथून वर जाणारी वाट, वाटेत तीन निवारे, आणि अगदी वर नखाएवढं निळं तळं. कुणीतरी पेन्सिलीने वाटेवर फुल्या केल्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, हा माणूस इथे इथे बसला असणार." मोठी म्हणाली, "आपणही तिथेच बसू." त्याला अकरा वर्षं झाली.

अकरा वर्षांत जायचं झालं नाही. एक वर्ष धाकटीच्या मुलाची परीक्षा, एक वर्ष जावई रजेवर, एक वर्ष मोठीचा गुडघा. पण खरी गोम निराळीच होती: कसंही मांडलं तरी ते दोघींच्या ऐपतीत बसत नव्हतं. गाडीभाडं कमी करावं तर मुक्कामाचं वाढे. मुक्काम कमी करावा तर तळं राहून जाई. कापडावर खाका काढायच्या खाकी कागदावर मोठी पेन्सिलीने मांडायची, धाकटी खोडायची. पुढच्या गुरुवारी पुन्हा. मोठीला त्याचं वाईट वाटायचं म्हणाल, तर नाही. सुट्टीच्या दिवशी बहीण समोर बसलेली असते, चहा गरम असतो, आणि डोंगर कुठे पळून जात नाहीत.

मग एका गुरुवारी धाकटी आली ती एकटी आली नाही.

तिच्यामागून एक उंच, सडपातळ बाई वाकून आत शिरली. केस आखूड, पायात जाड तळव्यांचे बूट, हसणं मोकळं. "ताई, ही आमच्या इस्पितळात नवीन आलीये. एक्स-रे काढते. अगं, ही चार वेळा जाऊन आलीये, आपल्याच डोंगरात."

'आपल्याच' हा शब्द मोठीला टाचणीसारखा लागला. आपले म्हणजे दोघींचे. तिसरीला त्यातून जाऊन यायला कुणी सांगितलं होतं?

एक्स-रेवाली माप द्यायला येणाऱ्यांच्या स्टुलावर बसली. खाकी कागद तिने स्वतःकडे फिरवून घेतला, मिनिटभर पाहिला आणि म्हणाली, "तुम्ही चुकीच्या महिन्यात जाताय."

"अकरा वर्षं याच महिन्यात जातोय आम्ही," मोठी म्हणाली.

"म्हणून तर जाणं होत नाही." ती हसली. "बाई, त्या महिन्यात सगळं जग तिथं असतं. गर्दी ओसरली की दोन आठवडे असे असतात, की थंडी असते पण वाट बंद झालेली नसते. तेव्हा निवारे निम्म्या दराने. रात्रीच्या बसने गेलं की एक मुक्काम वाचतो. चूल आपली न्यायची, खाणं वाळवलेलं न्यायचं. झोपायच्या पिशव्या इस्पितळाच्या खेळमंडळाकडून उसन्या मिळतात. आणि निवाऱ्यातली खोली तीन पलंगांची असते. दोघी गेलात तरी भाडं तिघींचं. खालून वर नेणारी जीपही माणशी वाटून घेतात. तिघी असाल तर बसतं."

असं म्हणून तिने खिशातून पेन काढलं आणि त्या कागदावर आकडे मांडले. पेनाने. जिथे अकरा वर्षं कधी न खोडता येणारं काही लिहिलं गेलं नव्हतं, तिथे. धाकटी तोंडाचा आ वासून बघत होती. मोठीने आकडे तीनदा तपासले. एकही चूक सापडेना, तेव्हा तिच्या पोटात दुखायला लागलं.

"ताई, बसलं की गं," धाकटी म्हणाली. लहानपणी पतंग उडाल्यावर म्हणायची त्या आवाजात.

"दिसतंय मला," मोठी म्हणाली. "चहा घेणार का, की तोही वाळवलेला?"

त्या दिवसापासून धाकटीच्या तोंडी एकच पालुपद. ती म्हणते, जिने चढायची सवय करायला हवी. ती म्हणते, सुती मोजे नकोत. ती म्हणते, चालताना घोट घोट पाणी प्यावं, एकदम नाही. मोठीच्या हाताशी टाचण्यांची उशी असे. धाकटीने 'ती म्हणते' म्हटलं, की मोठी एक टाचणी तीत खुपसे. एका गुरुवारी चहा संपेपर्यंत चौदा झाल्या. शेवटची तर पार बुडापर्यंत गेली.

त्यात धाकटी आणि एक्स-रेवाली आता दुपारच्या सुट्टीत इस्पितळाचे सात मजले चढू-उतरू लागल्या. धाकटीचे गाल वर आले, चालणं हलकं झालं. तिच्या ड्रेसची कंबर दोन बोटं आत घ्यावी लागली. ती मोठीनेच घेतली, आणि प्रत्येक टाक्याला तिच्या मनात आलं, की ही दोन बोटं त्या बयेने नेली.

लाँड्रीवाल्याच्या नजरेतून काही सुटत नसे. "बाई," तो बाहेरून म्हणाला, "आज कोळसा घालायची गरज नाही. इस्त्री नुसती तुमच्याजवळ आणून ठेवतो, तापेल."

"तुमचा कोळसा वाचेल," मोठी म्हणाली. "वाचलेल्या पैशांतून एक चांगली जीभ घ्या."

आता सॅकचा प्रश्न आला. बाजारातल्या तीन सॅक घ्यायच्या तर पुन्हा सगळं गणित कोसळत होतं. एक्स-रेवालीची स्वतःची होती ती चार ट्रेकमध्ये फाटून गेली होती. मोठी इतके दिवस गप्प बसली होती, आता ताठ झाली. "सॅक मी शिवते. तिन्ही."

"जमेल?" एक्स-रेवालीने विचारलं.

"शंका असेल तर बाजार उघडा आहे."

ठिगळांच्या ढिगातून तिने तीन रेनकोट काढले, दोन गडद निळे आणि एक पिवळाधमक. सामानाच्या दुकानाची जुनी ताडपत्री तळाला. पट्ट्यांत भरायला मोडक्या सोफ्याचा स्पंज. एक्स-रेवालीने तिची फाटकी सॅक नमुन्याला आणून दिली. मोठीने ती रात्रीत नाही, दोन दुपारींत टाका टाका उसवून पाहिली, आणि तिला मानावं लागलं की काम डोक्याने केलेलं होतं. सगळी मेख पाठीच्या लांबीत होती. मानेच्या मोठ्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतचं माप घ्यायचं. ते बरोबर बसलं, की पट्टा कमरेच्या हाडावर टेकतो आणि ओझं पायांवर जातं. आखूड झालं, की पट्टा पोटावर चढतो आणि सगळं वजन खांदे ओढतात.

माप घ्यायला एक्स-रेवाली पाठमोरी उभी राहिली. तिला इस्पितळाच्या साबणाचा वास येत होता. मोठीची बोटं मणक्यावरून उतरली. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली होता, रोग्यांना उचलून टेबलावर ठेवून ठेवून आला असावा.

"तुमचा हात छान आहे," एक्स-रेवाली भिंतीकडे बघत म्हणाली. "धाकटी सांगते ते खोटं नाही. मीही तुम्हाला ताईच म्हणू का?"

मोठीची बोटं थांबली.

"दुकानात सगळे बाई म्हणतात," ती म्हणाली. "तेच बरं. गोंधळ होत नाही."

दोन निळ्या सॅक चार दिवसांत झाल्या. एक स्वतःची, एक धाकटीची. धाकटीच्या सॅकला तिने आतून एक छोटा खिसा केला, गोळ्या ठेवायला. मग पिवळी घेतली. धाकटीला पिवळा रंग कधी आवडला नव्हता, निदान मोठीची तशी समजूत होती, म्हणून तो तिसरीला.

पाठीचा तुकडा टेबलावर पसरला होता. खडूची रेघ जिथे हवी तिथे होती. समोर खाकी कागद लटकत होता, त्यावर पेनाचे आकडे. बाहेरून लाँड्रीवाला कुणाला तरी सांगत होता, की धाकट्या बाई आणि त्या उंच बाई आत्ताच गेल्या इथून हसत हसत, आत डोकावल्याही नाहीत. मोठीने खडूच्या रेघेकडे पाहिलं. मग तिने कापड तीन बोटं वर सारलं आणि तिथे टीप मारली.

आता तिला त्यातून काय हवं होतं? विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. तासाभरात खांदे धरतील, घाम फुटेल, चार वेळा जाऊन आलेलीचा तोरा उतरेल, आणि मग ती म्हणेल, मला नाही बाई जमायचं यंदा. असलं काहीसं. चाळीस वर्षांत तिने जाणूनबुजून एक टाका वाकडा घातला नव्हता. हेही वाकडं नव्हतंच. शिवण इतकी सुबक झाली होती, की बघणाऱ्याने वाहवा करावी. फक्त सॅक तीन बोटं आखूड होती.

सरावाला रविवारी सकाळी निघायचं ठरलं. शहराबाहेर कालव्याच्या बांधावरून जाऊन पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची आणि परत यायचं. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि लाँड्रीतल्या तीन जुन्या लोखंडी इस्त्र्या, प्रत्येकीला एक. मोठीने सॅक बाकावर मांडल्या. धाकटीने पाहिल्या आणि सरळ पिवळी उचलली.

"ही माझी."

"ती तुझी नाही," मोठी म्हणाली. "निळी तुझी. आत खिसा आहे बघ."

"खिशाचं काय करू? ताई, हा रंग बघ ना. आयुष्यभर निळं, करडं, निळं, करडं घातलं. डोंगरात तरी पिवळं मिरवू दे."

"तुला पिवळं आवडत नाही."

"कुणी सांगितलं? तू कधी आणलंच नाहीस."

"ती तिच्या मापाची आहे."

"आम्ही एका मापाच्या आहोत," धाकटी म्हणाली, आणि दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. डोक्याने एक्स-रेवाली उंच होती, पण ती सगळी पायांत. पाठी सारख्या. "घे की," एक्स-रेवाली म्हणाली. "माझ्या पाठीवर असली तर मला थोडीच दिसणार आहे."

मोठीच्या जिभेवर आलं होतं, की मी घेते पिवळी. पण मग ती का, हा प्रश्न आलाच असता. ती गप्प बसली. पुढे जे झालं ते या गप्प बसण्याने झालं.

पहिला अर्धा तास धाकटी गात होती. मग गाणं थांबलं. मग ती पट्टे ओढू लागली, खांदे उडवू लागली. बांध संपून चढ लागला तेव्हा ती तिघींत शेवटची होती. टेकडीच्या निम्म्यावर ती दगडावर बसली. "व्हा तुम्ही पुढे," ती म्हणाली. थोडं चालून पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ती बुटाची नाडी सोडून बांधत होती. मोठी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, एक गुडघा अधू, तरी पुढे उभी होती. तिच्या कमरेवर ओझं कसं छान बसलं होतं.

एक्स-रेवाली मागे आली. तिने धाकटीचा कमरेचा पट्टा पाहिला, तो बरगड्यांखाली चढला होता. खाली ओढला, तो पुन्हा चढला. तिने सॅक आणि पाठ यांच्यामध्ये हात घातला आणि बोटं वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवली. एका जागी ती थांबली. मग तिने मोठीकडे पाहिलं. फोटो काढण्याआधी बघतात तसं. हलू नका, श्वास धरून ठेवा.

मोठीने श्वास धरला.

"आण इकडे," एक्स-रेवाली धाकटीला म्हणाली. "पिवळा रंग खाली उतरताना मला शोभतो." आणि स्वतःची निळी तिला देऊन तिने पिवळी पाठीवर टाकली. त्यानंतर टेकडी उतरून, सगळा बांध चालून, दुकानाच्या दारापर्यंत ती ती सॅक घेऊन आली. एकदाही पट्टा ओढला नाही. मोठी मागून बघत होती. तीन बोटं आखूड सॅक तिच्या पाठीवर पोरक्या पोरासारखी लोंबत होती, आणि ती बाई मात्र ताठ चालत होती. मोठीला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या आधी आला तो जळफळाट. चांगुलपणातसुद्धा ही पुढे.

बुधवारी भर दुपारी एक्स-रेवाली एकटीच दुकानात आली. सॅक टेबलावर ठेवली.

"उसवून द्या."

"का? काय झालं?"

"तीन बोटं आखूड आहे."

"कापड कमी पडलं असेल," मोठी म्हणाली. "रेनकोट लहान होता."

"कापड आतच आहे, बाई. दुमडून दाबात टाकलंय. एक्स-रेच्या मशीनखाली धरायचीसुद्धा गरज पडली नाही, हाताला लागलं."

मोठी बघतच राहिली. हे तिचं तिलाही आत्ता कळत होतं. रागाच्या भरात तिने टीप वर मारली होती, पण कात्री लावली नव्हती. उसवणाऱ्या बाईचा हात. कापड कधी छाटायचं नाही, आत सोडून ठेवायचं, उद्या कुणाचं पोट सुटेल सांगता येत नाही. दुष्टपणा करतानाही हाताने आपली रीत सोडली नव्हती, आणि त्याच रीतीने तिला उघडं पाडलं होतं.

"सांगितलंत तिला?" तिने विचारलं.

"नाही. मी नाही सांगणार. ते काम तुमचं." एक्स-रेवाली स्टुलावर बसली. पहिल्यांदाच ती दमल्यासारखी दिसत होती. "तुम्हाला वाटतं मी तुमची बहीण पळवायला आलेय. बाई, ती दिवसभर माझ्याशी बोलते ना, त्यात बोलणं तुमचंच असतं. ताई असं करते, ताईला हे चालत नाही, ताईने हा डोंगर शोधला. चार वेळा जाऊन आले मी, पण तिला विचाराल तर डोंगर तुमच्या खिशातून निघालाय. कधी कधी वाटतं, एकदा तरी या ताईला धक्का मारावा."

"मग मारायचा होता," मोठी म्हणाली. "बांधावर होते मी."

"मनात आलं होतं," ती म्हणाली. हसली नाही. "शनिवारी निवाऱ्यांसाठी नावं द्यायची शेवटची तारीख. तिघींची द्यायची की कसं, ते त्याआधी ठरवा." आणि ती गेली. सॅक तिथेच राहिली.

गुरुवारी धाकटी आली, एकटी, अगदी पूर्वीसारखी दोन वाजता. डावा हात उचलताना तिच्या तोंडावर कळ दिसत होती. तिने चहा घेतला, खाकी कागद काढला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"ताई, मी नाही येत."

"म्हणजे?"

"तुम्ही दोघी जा. माझ्याच्याने होत नाही. तू एकोणसाठची, गुडघा दुखतोय तरी चढलीस. मी पन्नासची आणि बसले दगडावर रडत. सात मजले चढून वाटलं होतं जमेल. नाही जमत. काही माणसं नसतात तशी." ती कागदावरची सुरकुती बोटाने सपाट करत होती. "तू तिच्याबरोबर जा. तिला वाट माहीत आहे. मला तळ्याचा फोटो आण."

मोठीच्या मनात एकदम दोन गोष्टी आल्या. पहिली अशी, की पाच दिवस त्या उंच बयेबरोबर एका खोलीत, आणि मध्ये धाकटी नाही. ही शिक्षा कुठल्या कोर्टाने दिली नसती. आणि दुसरी गोष्ट, तिची मात्र तिला भीती वाटली. आता कुणीच गेलं नाही तर? एक्स-रेवाली जाईल आपल्या वाटेने. धाकटी अशीच दर गुरुवारी येईल. पुन्हा पेन्सिल, पुन्हा खोडरबर, डोंगर कागदावर आणि बहीण समोर. नुसतं गप्प बसलं की झालं. गप्प बसणं तिला जमत होतं, रविवारी तिने करून पाहिलं होतं.

धाकटी कप विसळायला उठली. डाव्या हाताने कप धरवेना, म्हणून तिने तो उजव्यात घेतला आणि पाठमोरी उभी राहिली. पन्नाशीची बाई, पण खांदा चोरून उभी राहिली की ती अजून दहाचीच दिसे.

"बस खाली," मोठी म्हणाली. तिने पिवळी सॅक पुढे ओढली, धाकटीचा उजवा हात धरला आणि तिची बोटं पाठीच्या आतल्या शिवणीत घातली. "काय लागतंय?"

"जाड आहे."

"किती?"

धाकटीने बोटं जोडून पाहिली. एवढं तिलाही येत होतं. "तीन."

"ते बाहेर असायला हवं होतं. मी आत दुमडलं. मुद्दाम. तुझ्यात काही कमी नाहीये. त्या सॅकमध्ये लाँड्रीवाल्याचा घोडासुद्धा चढला नसता."

"त्याच्याकडे घोडा कुठाय?"

"नाहीये. तू ऐक."

धाकटीने ऐकलं. मग तिने बोटं शिवणीतून काढून घेतली. 

"कुणासाठी शिवली होतीस?"

"तिच्यासाठी."

"आणि तिला माहीत आहे."

"टेकडीवरच कळलं तिला."

"म्हणजे टेकडीवर तुला माहीत होतं, तिला माहीत होतं. आणि मी चार दिवस घरात आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हातारी म्हणतेय." तिचा आवाज चढला नाही, त्यानेच मोठी घाबरली. "तू जळत होतीस, ते समजलं. ती मोठेपणा करत होती, तेही समजलं. मला कुणी विचारलं का, बाई तुझा खांदा कसा आहे? बायकांनो, तुम्ही दोघी एका माळेच्या आहात."

"मला तिच्या माळेत घालू नकोस," मोठी म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

धाकटीने तिच्याकडे असं पाहिलं, की मोठीने निमूट ब्लेड उचललं आणि उसवायला घेतलं. पंधरा मिनिटांचं काम. धाकटी पूर्ण वेळ उभी राहून बघत होती, गिऱ्हाईक उभं राहतं तशी. टीप योग्य जागी बसल्यावर तिने सॅक उचलली, पाठीला लावली, पट्टा कमरेच्या हाडावर आला. ती घेऊन ती निघून गेली. येते असंसुद्धा म्हणाली नाही.

शनिवारी तिने निवाऱ्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात तीन नावं दिली. आधी स्वतःचं, मग खाली दोघींची, आणि पावती मोठीकडे लाँड्रीवाल्याच्या हाती पाठवली. लाँड्रीवाला म्हणाला, "त्यांनी निरोप दिलाय. उद्या सहा वाजता बांधावर. उशीर करू नका, थांबणार नाही. आणि बाई, निरोप देताना त्यांचं तोंड अगदी तुमच्यासारखं झालं होतं."

रविवारी धाकटी खरंच थांबली नाही. पिवळी सॅक तिच्या कमरेवर अशी बसली होती, जशी अंगातूनच उगवली आहे. गुरुवारच्या दुखऱ्या खांद्याची तिला आठवण नसावी. बांधावर ती दोघींच्या पन्नास पावलं पुढे होती, चढावर शंभर. वळून बघत नव्हती. मागे मोठी आणि एक्स-रेवाली, निळ्या सॅक घेऊन, एकमेकींच्या शेजारी, कारण बांध संपला तरी वाट तेवढीच होती.

"माझ्याशीही बोलत नाहीये," एक्स-रेवाली काही वेळाने म्हणाली. "शुक्रवारपासून. जिन्यावर एकटीच चढते."

"तुमच्याशी का? तुम्ही काय केलंत?"

"सांगितलं नाही म्हणून. म्हणाली, निम्मा गुन्हा तुझा."

मोठीने वर पाहिलं. वर टाकीजवळ पिवळा ठिपका पोचला होता आणि पाणी पीत होता, घोट घोट. पन्नास वर्षांत धाकटी तिच्यावर अशी कधी रागावली नव्हती. मनापासून, तोंड फिरवून, तीन तीन दिवस. तो राग मोठीने शिवून, उसवून, स्वतःच्या हाताने कमावला होता. आणि त्यातलाही अर्धा ही बाई घेऊन बसली होती.

"निम्मा जास्त होतो," मोठी म्हणाली. "तुमचा पावच."

"बरं, पाव," एक्स-रेवाली म्हणाली, आणि चढ खडा होता म्हणून तिने मोठीच्या दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला येऊन आपला कोपर पुढे केला. मोठीने तो दहा पावलं धरला नाही. अकराव्या पावलाला धरला.